पंच आपल्यातलाच हवा, पण शिट्टी एकट्याच्या हातात नको

लॉकडाऊनमधली गोष्ट. आमच्या भागातल्या मुलांची ऑनलाइन बुद्धिबळ स्पर्धा होती, दीडशेच्या आसपास पोरं, सगळी आपापल्या घरी लॅपटॉप नाहीतर मोबाईलसमोर, आणि घरातला दुसरा फोन झूम चालू करून बाजूला स्टुलावर उभा केलेला, म्हणजे पोराचे हात आणि स्क्रीन दोन्ही दिसावं. कुणी चीटिंग करत नाही ना यासाठी त्या चौकोनांवर लक्ष ठेवायला आम्ही चौघं होतो. पंच वगैरे नाही, नुसते स्वयंसेवक, ज्यांना बुद्धिबळ कळतं आणि ज्यांच्याकडे रविवार मोकळा आहे असे. एका स्क्रीनवर पंचवीस चौकोन. कुणाची आजी मधेच येऊन दुधाचा ग्लास ठेवून जाते, कुणाचा फोन घसरतो आणि पुढची पाच मिनिटं नुसता छतावरचा पंखा दिसतो, कुणी चाल करायच्या आधी वर बघतं, आता ते विचार करतंय की समोर उभ्या असलेल्या दादाकडे बघतंय हे कसं कळणार.

पाचवी फेरी संपली आणि पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकानं स्क्रीनशॉट टाकला. त्यांच्या मुलीला हरवणाऱ्या अकरा वर्षांच्या मुलाची ॲक्युरसी, म्हणजे कॉम्प्युटर सुचवेल त्या चालींच्या किती जवळ खेळला तो आकडा, ९७ टक्के. खाली लिहिलं होतं, हा इंजिन लावून खेळतोय, म्हणजे चाली सांगणारं सॉफ्टवेअर वापरून, आयोजक काय करतायत. मग मेसेजवर मेसेज. दहा मिनिटांत आयोजकांनी त्या मुलाला स्पर्धेतून काढलं आणि ग्रुपवर नाव जाहीर केलं, गावासकट. आम्हा चौघांना कुणी विचारलं नाही. आणि आम्हीही बोललो नाही, मी पण नाही बोललो, कारण पुढची फेरी सुरू व्हायची होती आणि मला खरंच वाटलं की ९७ टक्के म्हटल्यावर काहीतरी असणारच.

रात्री तो डाव उघडून बघितला. चौदा चालींचा डाव. पोरानं फ्राइड लिव्हर खेळलं होतं, म्हणजे घोडा मारू द्यायचा, काळ्या राजाला पटाच्या मधोमध ओढून आणायचं आणि मग वजिरानं शह देत सुटायचं. कुठल्याही बुद्धिबळाच्या क्लासमध्ये पहिल्या वर्षी शिकवतात हे. पहिल्या सहा चाली त्यानं दोन-दोन सेकंदांत केलेल्या, पाठच होत्या, आणि सापळ्याच्या बाहेर आल्यावर एका चालीला चाळीस सेकंद, पुढच्या चालीला पन्नास, आणि त्यातली एक चाल चांगली नव्हतीच. इंजिन लावणारा असा खेळत नाही. इंजिन लावणाऱ्याचं घड्याळ वेगळं चालतं, समोरच्यानं मारलेलं प्यादं परत मारायचं असो, ज्याला विचारच लागत नाही, की हत्ती फुकट सोडायचा असो, ज्याला भल्याभल्यांना दहा मिनिटं लागतील, प्रत्येक चालीला सात-आठ सेकंद, कारण तेवढा वेळ चाल दुसऱ्या फोनवर टाकून उत्तर बघायला लागतो. आणि चौदा चालींच्या डावात, त्यातही निम्म्या पाठ असताना, ॲक्युरसी नव्वदच्या वर जाणं ही रोजची गोष्ट आहे.

दुसऱ्या दिवशी त्याच्या वडिलांचा फोन आला, कुठून तरी माझा नंबर मिळवला होता. "सर, पोरगं कालपासनं जेवलं नाही ओ. शेजारची पोरं चोर म्हणत्यात त्याला." मी आयोजकांना डाव पाठवला, वेळेचा तक्ता पाठवला. तीन आठवड्यांनी त्यांनी वडिलांना फोनवर सॉरी म्हटलं. ग्रुपवर काही टाकलं नाही.

हे सगळं आधी सांगितलं कारण पुढे मी जे म्हणणार आहे ते ऐकून कुणाला वाटेल की याला दुसरी बाजू माहीत नाही. ऑनलाइन गेम्समधली चीटिंग पकडायची असेल तर खेळणाऱ्या लोकांनाच त्या कामात घ्यावं लागेल, मॉडरेटर म्हणून, स्वयंसेवक म्हणून, हे माझं ठाम मत आहे, त्या रविवारनंतरही आहे. फक्त कुणाच्या हातात काय द्यायचं हे ठरवताना बहुतेक ठिकाणी घोळ होतो आणि तो घोळ झाला की चोर सोडून संन्याशाला फाशी लागते.

गल्लीत क्रिकेट खेळलेल्या माणसाला हे समजवावं लागत नाही. तिथे अंपायर बॅटिंग करणाऱ्या टीमचाच पोरगा असतो. बाहेरून कोण येणार? आणि तरी खेळ चालतो, कारण त्याला माहीत असतं की दहा मिनिटांनी समोरच्यांची बॅटिंग येणार आणि त्यांचा पोरगा तिथे उभा राहणार, आणि उगाच नॉटआउट दिलं तर सगळी पोरं अंगावर येणार. माणूस खेळातलाच असतो, त्याला खेळ कळतो, आणि त्याच्यावर सगळ्यांची नजर असते. या तीन गोष्टींवर ते उभं असतं. ऑनलाइनला पहिल्या दोन गोष्टी सहज मिळतात, तिसरी मिळत नाही, तिसरी मुद्दाम बांधावी लागते.

मशीनवर सगळं सोडा असं म्हणणारे खूप आहेत. मी पण कॉलेजात असताना तसाच विचार करायचो, पुण्यात हॉस्टेलवर होतो, काउंटर-स्ट्राइक या बंदुकांच्या टीम गेमचे दिवस. ती गेम बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीचं व्हॅक नावाचं सॉफ्टवेअर २००२ पासून आहे, ते मुख्यतः माहीत असलेली चीट, म्हणजे गेममध्ये लबाडी करून देणारे प्रोग्राम, ओळखतं, म्हणजे चीट बनवणाऱ्यानं कोड थोडा बदलला की परत नव्यानं शोधायला लागतं. चोर पुढे आणि पोलिस मागे, कायमचं. मग २०१३ च्या मे महिन्यात त्यांनी सीएस-गोमध्ये, म्हणजे काउंटर-स्ट्राइकच्या तेव्हाच्या आवृत्तीत, ओव्हरवॉच आणलं, आणि ती माझ्या मते या विषयातली आतापर्यंतची सगळ्यात शहाणी कल्पना होती. ज्या खेळाडूबद्दल तक्रारी आल्या त्याच्या मॅचचं रेकॉर्डिंग दुसऱ्या अनुभवी खेळाडूंना बघायला द्यायचं. अनुभवी म्हणजे ज्याचं खातं जुनं आहे, ज्यानं पुरेशा मॅच जिंकल्यात आणि ज्याच्यावर स्वतःवर फारशा तक्रारी नाहीत असा.

मला ती केस मिळायला लागली तेव्हा रात्री जेवण झालं की मी एक-दोन बघायचोच. आठ राउंड असायचे. नाव दिसायचं नाही, नुसतं 'सस्पेक्ट', बाकीच्यांचीही नावं बदललेली, चॅट काढून टाकलेलं, म्हणजे कोण कुठल्या देशाचा, कोण कुणाला शिव्या देतोय, काही नाही. नुसता खेळ. आणि पहिले दोन राउंड तुम्हाला काहीच कळत नाही, चांगला खेळतोय असंच वाटतं. मग तिसऱ्या-चौथ्या राउंडला एक क्षण येतो. तो एका भिंतीच्या अलीकडे उभा आहे, भिंतीपलीकडून कुणीतरी चालत जातंय, आवाज येण्याइतकं जवळ पण नाही, आणि याचा क्रॉसहेअर, म्हणजे नेमाची खूण, भिंतीवरून हळूहळू सरकतो, पलीकडचा माणूस थांबला की हा थांबतो, तो निघाला की हा निघतो. म्हणजे याला भिंतीपलीकडचं दिसतंय, ते बघितल्यावर अंगावर काटा येतो खरंच. कुठल्याही सॉफ्टवेअरला त्या वेळी ते दिसत नव्हतं, कारण सॉफ्टवेअर फाइली शोधत होतं आणि आम्ही माणसाची नजर बघत होतो. पण कधीकधी तसा क्षण आठही राउंडमध्ये यायचा नाही, तो पोरगा नुसता भन्नाट खेळायचा, आणि मग 'पुरेसा पुरावा नाही' वर क्लिक करून झोपायचं. एकट्याच्या क्लिकनं काही व्हायचंही नाही, बऱ्याच जणांचा निकाल एका बाजूला पडला तरच बॅन, आणि ज्याचे आधीचे निकाल बरोबर निघालेत त्याच्या मताला वजन जास्त. अंपायरवर सगळ्यांची नजर असण्याची जी तिसरी गोष्ट मी म्हटली ती इथे बांधलेली होती.

आता एक आकडा सांगतो, माझं सगळं म्हणणं त्यावर उभं आहे. व्हॉल्व्हच्याच एका इंजिनियरनं २०१८ मध्ये गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये सांगितलं की खेळाडूंनी रिपोर्ट केलेल्या केस ओव्हरवॉचमध्ये गेल्या की त्यातल्या १५ ते ३० टक्केच दोषी ठरायच्या. म्हणजे शंभर जणांनी 'हा चीटर आहे' म्हणून बोंब मारली तर सत्तर ते पंच्याऐंशी वेळा, तशाच खेळाडूंनी शांतपणे बसून बघितल्यावर, आरोप टिकत नव्हता. तेच व्हॅकनेट नावाच्या मशीन लर्निंगवाल्या सिस्टिमनं निवडून पाठवलेल्या केस ८० ते ९५ टक्के दोषी निघायच्या.

यातून लोक असा अर्थ काढतात की माणसं बेकार, मशीन भारी. मला उलट दिसतं. निवाडा दोन्हीकडे माणसांनीच केला होता, आणि तक्रार करणारेही तेच, कदाचित मी पण दुपारी हरल्यावर रागानं रिपोर्ट मारला असेल आणि रात्री दुसऱ्याची केस बघून निर्दोष सोडलं असेल. माणूस तोच, जागा बदलली की डोकं बदलतं. नुकताच हरलेला माणूस वाईट साक्षीदार असतो. तोच माणूस, नाव न दिसता, स्वतःचं काही पणाला लागलेलं नसताना, पूर्ण डाव बघायला मिळाला की खूप चांगला पंच असतो. म्हणून तक्रार करणारा आणि निवाडा करणारा कधीच एक असता कामा नये, आणि निवाडा करणाऱ्याला आरोपीचं नाव दिसता कामा नये. आमच्या त्या स्पर्धेत नेमकं हेच उलटं झालं होतं, हरलेल्या मुलीच्या बाबांनी तक्रार केली, तीस पालकांच्या ग्रुपनं निवाडा केला, नाव-गाव सगळं समोर ठेवून.

कुणी म्हणेल हे काम पगारी माणसं करतील की, खेळाडू कशाला. करू देत, त्यांना माझा विरोध नाही, पण चांगल्या खेळाडूला ओळखायला चांगलाच खेळाडू लागतो. ज्यानं स्वतः हजार तास तो मॅप, म्हणजे गेममधली ती जागा, खेळलाय त्याला माहीत असतं की त्या दाराशी आधीच नेम धरून उभं राहणं ही सवय आहे, हॅक नाही. सांगलीत नूतन बुद्धिबळ मंडळात भाऊसाहेब पडसलगीकरांनी घडवलेली जुनी मंडळी अजून आहेत, त्यांच्यातल्या कुणालाही एक डाव दाखवा, ते सांगतील की ही चाल या वयाच्या पोराला दिसू शकते, ही नाही. तो अंदाज पगारावर ठेवलेल्या नवख्या माणसाकडे येत नाही, तो पटासमोर चाळीस वर्षं बसून येतो.

आणि २०१८ च्या ऑक्टोबरमधली शांघायची गोष्ट आठवा. ऑप्टिक इंडिया ही आपली टीम तिथे काउंटर-स्ट्राइकच्या आशियाई स्पर्धेत खेळत होती, स्टेजवर, सगळ्यांसमोर, आणि 'फोरसेकन' नावानं खेळणाऱ्या खेळाडूच्या मशीनवर चीट सापडलं, वर्ड डॉट ईएक्सई नावाच्या फाइलमध्ये लपवलेलं. अख्खी टीम त्या एका माणसामुळे बरखास्त झाली, त्याला पाच वर्षांची बंदी आली. पण पकडलं कसं ते बघा. संशय आल्यावर स्पर्धेचा ॲडमिन चालत त्याच्या खुर्चीमागे आला, स्क्रीनकडे बघायला लागला, आणि हा फाइल बंद करायला, उडवायला धडपडायला लागला. एक माणूस मागे उभा राहिला म्हणून ते उघडं पडलं. त्यानंतर भारतीय टीम म्हटलं की जगभरातली पोरं कित्येक दिवस त्याच फाइलच्या नावानं चिडवायची, जी प्रामाणिक होती त्यांना पण. सुक्याबरोबर ओलं जळतं ते असं.

चीटिंग म्हणजे दोन-चार पोरांचा वात्रटपणा आहे असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी एकच गोष्ट सांगतो. २०२१ च्या मार्चमध्ये चीनमध्ये कुन्शान पोलिस आणि टेन्सेंट कंपनीनं मिळून 'चिकन ड्रमस्टिक' नावाची टोळी पकडली, गेम्सची चीट्स बनवून महिन्याच्या वर्गणीवर विकणारी, आणि त्यांचा धंदा साडेसात कोटी डॉलरच्या वर होता. समोर इतका पैसा असेल तर नुसत्या स्वयंसेवकांनी काही होणार नाही हे मला मान्य आहे. लाखो मॅच रोज होतात, माणसं किती बघणार? चाळणी मशीननंच लावावी. पण चाळणीत उरलेलं निवडायला, यातला खडा कुठला आणि तांदूळ कुठला हे बघायला, माणसाची बोटं लागतात.

आता नाव जाहीर करण्याबद्दल. लोकांना वाटतं नाव जाहीर झालं की धाक बसतो. मार्च २०२१ मध्येच काय झालं बघा, इंडोनेशियातला 'देवा किपास' नावानं खेळणारा एक वयस्कर माणूस चेस डॉट कॉमवर 'गॉथमचेस'ला, म्हणजे बुद्धिबळाचा प्रसिद्ध यूट्यूबर लेव्ही रोझमनला हरवून गेला, रोझमननं रिपोर्ट केलं, त्या माणसाचं खातं बंद झालं. मग त्या माणसाच्या घरच्यांनी ते फेसबुकवर मांडलं आणि हजारो लोक रोझमनवर तुटून पडले, घाणेरड्या शिव्या, धमक्या, त्याला सोशल मीडियावरची खाती काही काळ बंद ठेवायला लागली. शेवटी आयरिन सुकंदर या इंडोनेशियन मास्टरनं समोरासमोर बसून त्या वयस्कर माणसाला तीन-शून्य हरवलं, लाखो लोक लाइव्ह बघत होते. आरोप बरोबर होता असं धरलं तरी त्यातून कुणाचं भलं झालं? एका म्हाताऱ्याची जगासमोर शोभा झाली आणि तक्रार करणाऱ्यालाही जगणं मुश्किल झालं. हे प्रकरण चार लोकांनी बंद खोलीत डाव बघून मिटवलं असतं तर एका मेलवर संपलं असतं.

आपल्याकडे त्याच वर्षी जूनमध्ये विश्वनाथन आनंदसोबत कोविडसाठी निधी गोळा करायला सेलिब्रिटींचे डाव झाले, त्यात झिरोधा या शेअर ब्रोकर कंपनीचे निखिल कामथ आनंदला हरवून गेले आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी मान्य केलं की डाव बघणाऱ्या लोकांची आणि कॉम्प्युटरची मदत घेतली होती. त्यांचं खातं बंद झालं आणि मग परत सुरू झालं, डाव रेटेड नव्हता, म्हणजे रेटिंगसाठी धरला जाणार नव्हता, आणि आनंदलाही पुढे ताणायचं नव्हतं म्हणून. ठीक आहे, माफी मागितली, मिटलं, मोठा माणूस आहे, त्याचं म्हणणं लगेच सगळ्यांपर्यंत पोचतं. मला वाईट याचं वाटतं की अकरा वर्षांच्या पोराकडे, ज्यानं काही केलंच नव्हतं, तसं बोलायला कुठलीच जागा नव्हती. अपील नावाची गोष्ट त्या स्पर्धेच्या नियमांत एका ओळीतही नव्हती. नुसता माझा नंबर त्याच्या वडिलांना कुठून तरी मिळाला म्हणून निदान डाव तरी बघितला गेला.

आता पैशाचं बोलू, कारण स्वयंसेवक शब्द आला की लोक भावुक होतात आणि हे बोलायचं राहून जातं. ओव्हरवॉचवर मी जे निकाल दिले, माझ्यासारख्या असंख्य पोरांनी रात्री जागून दिले, ते कुठे गेले? ते निकाल वापरूनच व्हॅकनेट शिकलं. काय चीटिंग आणि काय नाही हे मशीनला आम्ही शिकवलं, फुकट, बदल्यात फार तर गेममधले थोडे एक्सपी पॉइंट. त्या एक्सपीपायी काही जणांनी बॉट लावून केसेस आपोआप दोषी ठरवायला सुरुवात केली तो वेगळा विषय, पण बक्षीस चुकीच्या गोष्टीला दिलं की काम कसं सडतं त्याचं ते उदाहरण. आणि २०२३ मध्ये काउंटर-स्ट्राइक २ आला तेव्हा त्यात ओव्हरवॉच नव्हतंच. मला राग येत नाही असं नाही. इतकी वर्षं जिच्यावर विश्वास ठेवून लोकांनी वेळ दिला ती सोय एका अपडेटमध्ये गेली, आणि ज्यांनी वेळ दिला त्यांना त्यात काही बोलता येत नव्हतं.

हे नवीन पण नाही. अमेरिकेत इंटरनेट पुरवणाऱ्या एओएल कंपनीनं नव्वदच्या दशकात हजारो स्वयंसेवकांकडून चॅटरूम सांभाळून घेतल्या, त्यांच्या कामाचे तास ठरवले, नियम लावले, जणू नोकरच, आणि बदल्यात फुकट किंवा स्वस्त इंटरनेट. १९९९ मध्ये ते कोर्टात गेले आणि दहाएक वर्षांनी दीड कोटी डॉलरवर तडजोड झाली. अल्टिमा ऑनलाइन या गेमच्या स्वयंसेवक समुपदेशकांनी, म्हणजे जे गेममध्ये फिरून लोकांच्या अडचणी सोडवायचे, त्यांनीही २००० मध्ये असाच दावा लावला. माझं म्हणणं साधं आहे. कंपनीनं वेळ ठरवली, काम ठरवलं, किती केसेस बघायच्या ते ठरवलं, आणि त्या कामातून तिचा पैसा वाचतोय, तर ती नोकरी झाली आणि नोकरीचा मोबदला द्यायचा असतो.

लिचेसचं वेगळं आहे, आणि वेगळं का आहे ते समजून घ्यावं. २०१० मध्ये तिबो द्युप्लेसी या फ्रेंच प्रोग्रामरनं सुरू केलेली ती बुद्धिबळाची साइट, जाहिराती नाहीत, पैसे भरून मिळणारं असं काही नाही, फ्रान्समधली नोंदणीकृत ना-नफा संस्था ती चालवते, खर्चाचा हिशोब उघडा, कोड पण उघडा. तिथले मॉडरेटर बहुतेक स्वयंसेवक आहेत. मशीन संशयित डाव वेगळे काढतं, मॉडरेटर बघतात, चीटर ठरला की त्याच्याकडून हरलेल्यांना रेटिंगचे पॉइंट परत मिळतात. तिथे फुकट काम करणारा माणूस कुणाच्या तरी शेअरचा भाव वाढवत नाहीये, तो स्वतःच्या मंडळात झाडू मारतोय. गणपतीत आपण रात्रभर मांडवात थांबतो तेव्हा कुणी पगार मागतो का? नाही मागत, कारण मांडव आपला असतो. पण तोच मांडव उद्या एखाद्या इव्हेंट कंपनीनं तिकीट लावून चालवला आणि रात्रीच्या पहाऱ्याला मंडळाची पोरं फुकट बोलावली तर कोण जाईल, आणि का जावं.

आणि बिल्ला लावला की माणूस बदलतो हे पण गणपतीच्या रांगेतच दिसतं. छातीवर कार्यकर्ता लिहिलेलं असलं की आपल्या ओळखीच्यांना बाजूनं आत सोडायचं, बाकीच्यांवर खेकसायचं. सगळे नाही करत, पण एक जरी करणारा असला तरी रांगेतल्या शंभर जणांचा विश्वास जातो. पगार दिला की हे होत नाही असंही नाही. रुनस्केप या ऑनलाइन गेममध्ये खेळाडूंमधून निवडलेल्या मॉडरेटरांच्या नावापुढे चांदीचा मुकुट असतो आणि कंपनीच्या पगारी माणसांच्या नावापुढे सोन्याचा, आणि २०१८ मध्ये कंपनीनं काढून टाकलेला माणूस सोन्याच्या मुकुटवाला होता, अधिकाराचा गैरवापर करून खेळाडूंच्या खात्यांमधली संपत्ती लांबवली म्हणून. कुंपणच शेत खात होतं. ईव्ह ऑनलाइन या गेममध्ये कंपनीच्याच माणसानं स्वतःच्या गटाला दुर्मीळ गोष्टी दिल्याचं २००७ मध्ये बाहेर आलं, तिथे मात्र त्यानंतर एक चांगली गोष्ट झाली, २००८ पासून खेळाडूंनी मतदानानं निवडलेली परिषद कंपनीशी बसून बोलायला लागली. म्हणून मी म्हणतो की पगारी की फुकट हा प्रश्न पैशाच्या न्यायाचा आहे, प्रामाणिकपणाचा नाही. प्रामाणिकपणासाठी वेगळी सोय लागते, एका केसवर तीन जण, तिघांनाही एकमेकांचं मत माहीत नाही, अधूनमधून उत्तर आधीच माहीत असलेली केस मधे सरकवायची आणि कोण बरोबर सांगतं ते बघायचं, आणि शिक्षा झाली तर ती कशाच्या आधारावर झाली हे ज्याला झाली त्याला लेखी.

हे सगळं आपल्याकडे आत्ताच का बोलायचं, तर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून खेळायच्या गेम्सवर बंदी आली याचीच चर्चा झाली, पण त्याच कायद्यानं ई-स्पोर्ट्सला, म्हणजे व्हिडिओ गेम्सच्या स्पर्धांना, खेळ म्हणून मान्यता दिली आणि देखरेखीसाठी प्राधिकरणाची सोय केली. म्हणजे उद्या तालुका पातळीवर बीजीएमआय या मोबाईल गेमच्या, बुद्धिबळाच्या, काउंटर-स्ट्राइकच्या अधिकृत स्पर्धा होतील, बक्षिसं असतील, कदाचित प्रमाणपत्रं, शाळा-कॉलेजात त्याचे मार्क. मग एखाद्या पोरावर चीटरचा शिक्का बसणं ही गेममधली गोष्ट राहणार नाही. नियम लिहिणाऱ्यांनी त्यात तीन गोष्टी लिहाव्यात असं मला मनापासून वाटतं. बॅन झालेल्याला पुरावा बघायचा हक्क, आणि ज्यानं बॅन केलं त्याच्याशिवाय दुसऱ्या माणसाकडे, माणसाकडेच, मशीनकडे नाही, अपील करायचा हक्क. आणि अठराच्या आतल्या मुलाचं नाव कुठेही जाहीर करायला सक्त मनाई. या तिसऱ्या गोष्टीवर मी कुणाशीही वाद घालायला तयार आहे.

आमच्याकडे आम्ही आता वेगळं करतो. ऑनलाइन फेऱ्या असल्या की पालकांची तक्रार एकाच नंबरवर येते, ग्रुपवर टाकली तर ती धरतच नाही. डावावरचं नाव पुसून तो तिघांना जातो, त्यातल्या एकाचंही मूल किंवा विद्यार्थी त्या गटात खेळत नसावा. डाव तपासायचे प्रत्येकी दोनशे रुपये, प्रवेश फीतून, यावर आयोजकांशी दर वेळी घासाघीस होते आणि दर वेळी मी तेच बोलतो, की फुकट करणारे मिळतील पण मग घाईत करतील आणि परत एखादं पोरगं उपाशी झोपेल. तिघांनाही शंका असली तरच मुलाला फोन, आई किंवा वडील शेजारी बसलेले, समोर पट मांडून. ओरडायचं नाही, आरोप करायचा नाही, नुसतं विचारायचं, बाळा, हा उंट इथे का ठेवलास? ज्यानं स्वतः विचार करून ठेवलाय तो दहा सेकंदांत बोलायला लागतो, चुकीचं कारण सांगेल पण सांगेल, हात हलवून सांगेल, काका तो घोडा तिकडे आला असता ना. बहुतेक वेळा तिथेच संपतं.

मागच्या वेळी एक नऊ-दहा वर्षांची मुलगी होती. उंटाबद्दल विचारलं तर गप्प. मग हत्तीबद्दल विचारलं, तरी गप्प. तिची आई काहीतरी बोलायला गेली, तेवढ्यात ती म्हणाली, दादानं मागून सांगितलं. रडायला लागली. आम्ही तिचे दोन डाव रद्द केले, ज्या मुलांविरुद्धचे होते त्यांना पॉइंट दिले, ग्रुपवर 'तांत्रिक कारण' एवढंच लिहिलं, आणि तिच्या आईला सांगितलं की पुढच्या महिन्यात प्रत्यक्ष पटावरची स्पर्धा आहे, तिला घेऊन या. ती आली. चौथ्या टेबलावर बसली होती, हनुवटी टेबलावर टेकवून, समोरच्याची चाल होईपर्यंत मारलेली प्यादी एका रांगेत लावत.